पिलावरची मरळ

लटारू वाळलेल्या बांधाच्या भेगेत कोपरापर्यंत हात घालून बेडकी शोधत होता, तेव्हा सुकलूनं सायकल थांबवली. सुकलू लटारूचा शेजारी. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय याची चौकशी केल्याशिवाय त्याला स्वतःचं जेवण पचत नसे. त्यानं एक पाय जमिनीला टेकवला आणि खिशातून विडी काढली.

"काय हरवलं गा, लटारू?"

"काई नाई."

"मंग भेगेत हात कायले घालून राह्यला? इच्चू निंगन ना."

लटारूनं हात बाहेर काढला. मुठीत नुसती कोरडी माती आली. वैशाख संपत आला होता. धानाचे बांध तडकले होते आणि बेडक्या कुठं खोल जाऊन बसल्या होत्या, ते त्यांनाच माहीत.

"रंभाबाई दिसली आता तलावाच्या पाळीवर," सुकलू धूर सोडत म्हणाला. "दोन मरळी व्हत्या टोपलीत. एक तं हातभर. म्या काई इचारलं नाई, आपल्याले रीत मालूम हाये. पण पोट्टे म्हणून राह्यले का तुयी बायको मरळीले चपलेनं मारते."

स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसत तो सायकलवर चढला. लटारूच्या अंगाचा तिळपापड झाला. सुकलू दूर गेल्यावर त्यानं त्याला दोन शिव्या घातल्या, पण त्यानं काही बरं वाटलं नाही.

सुकलूनं सांगितलेली रीत खरी होती. मोहटोला गावात गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, घेऊन निघालेल्या माणसाला 'कुठी चालला' म्हणून कोणी विचारत नाही, आणि मासा घेऊन परतलेल्याला 'काय लावलं होतं' म्हणून तर मुळीच विचारत नाही. विचारलं की गरी रुसते. मासेमारी करणाऱ्या ढिवराचं पोर चालायला लागलं की आधी हे शिकतं. त्यामुळे नवऱ्यानंही बायकोला विचारायची सोय नव्हती, आणि लटारूला तर विचारायचं नव्हतंच. तिनं कशानं मरळ धरली, ते त्याला पुरतं ठाऊक होतं. चप्पल त्याचीच होती.

त्या साली पाणी कमी पडलं होतं. तलाव अर्ध्यावर आला, तेव्हा मच्छीमार सोसायटीनं ठराव केला की पाऊस लागेपर्यंत जाळं कोणी टाकायचं नाही, नाहीतर बीजच उरायचं नाही. गरी तेवढी चालेल. त्यात तलावाचा राखणदार बिरजू कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात कामाला निघून गेला आणि राखण मोकळी झाली. मोहटोल्यात राखणदाराला मान असतो. पाळीवरची झोपडी त्याची, प्रत्येक जाळ्यातला पहिला मासा त्याचा, आणि तलावाबद्दल भांडण झालं तर त्याचा शब्द शेवटचा. उन्हाळ्यात ज्याला पाण्याची खरी पारख दिसेल त्याच्या हाती मृगाच्या दिवशी राखण द्यायची, अशी तिथली पद्धत होती. लटारूच्या बापानं मरेपर्यंत राखण केली होती. बाप गेला तेव्हा लटारू लहान होता, म्हणून ती दुसरीकडे गेली. आता ती परत घरी येणार, हे त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. गरीत त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

म्हणजे चैतापर्यंत नव्हता.

कोणत्या माशाला कोणता चारा, हे लटारूला तोंडपाठ होतं. वामीला गांडूळ, तेही उकिरड्याखालचं, लाल आणि वळवळणारं. शेतातलं फिकट गांडूळ पाण्यात पडताच मरून लोंबतं, त्याला वाम हुंगतसुद्धा नाही. रोहूला कणकेत मोहाची पेंड कुटून केलेली गोळी. आणि मरळीला बेडकी. बेडकीतही निवड असते. हिरवी नको, ती फार धडपडते आणि पानात गुंतते. अंगठ्याएवढी, मातकट पाठीची, पांढऱ्या पोटाची हवी. गरी तिच्या मांडीतून अशी ओवायची की तिला पोहता यावं. बाकीचे लोक तिच्या पाठीतून गरी घालत, बेडकी मरे, आणि मग दिवसभर बसून हात हलवत घरी जात. लटारू त्यांना हसायचा.

या वर्षी बेडक्याच नव्हत्या. त्यानं कोंबडीची आतडी लावून पाहिली, ती कासवांनी खाल्ली. झिंगे लावले, ते बारक्या माशांनी टोचून संपवले. डबक्यातले जिवंत मासे लावले, पण पाणी इतकं तापलेलं की ते गरीवरच उलटे व्हायचे. मरळी तर डोळ्यांसमोर होत्या. कमळाच्या पानांत वर येत, घोट भरल्यासारखी हवा घेत आणि खाली जात. लटारूच्या चाऱ्याकडे ढुंकून पाहत नव्हत्या.

रंभा तेव्हा रोज पाण्यावर भांडी घासायला जायची. घासता घासता तिनं पाहिलं होतं. तिच्या हातून साबणाची पांढरी कपची निसटून पानावर पडली, पानावरून पाण्यात टुणकन गेली, आणि खालून मरळीनं तिच्यावर अशी झडप घातली की पान उलटं झालं. घरी येऊन तिनं माळ्यावरून लटारूची जुनी चप्पल काढली. मार्कंड्याच्या जत्रेत घेतलेली, निळ्या तळाची आणि पांढऱ्या पाठीची. एकीचा पट्टा तुटल्यापासून जोडी तशीच पडून होती. विळीवर तिनं अंगठ्याएवढा तुकडा कापला, पांढरी बाजू खाली ठेवून पोटाला गरी बांधली आणि मागं सायकलच्या ट्यूबचे दोन पाय लावले. वरचा निळा रंग चुलीच्या काजळीनं मळवला.

"हे काय वो?" लटारूनं विचारलं होतं.

"बेडकी."

"चपलेची? थे मरळ हाये, कुत्रं नाई चप्पल चावाले."

तो पोट धरून हसला होता. त्याची म्हातारी आई गिरजा, तीही हसली होती. दुसऱ्या दिवशी रंभा पहाटे भांड्यांसोबत काठी घेऊन गेली आणि मरळ घेऊन आली. त्या दिवशी लटारू थोडा कमी हसला. आठवड्याभरानं त्याचं हसणं पूर्ण बंद झालं.

गिरजानं सुनेला विचारलं, बाईमाणूस असल्यानं आणि म्हातारी असल्यानं तिला विचारायची मुभा होती. "चपलेत काय खाऊ पायते गं थे मरळ?"

"खाऊ नाई पायत, बाई," रंभा वांगी चिरत म्हणाली. "उन्हात तिले भूक नाई लागत. तिले राग येते. डोक्यावर कोनी उड्या मारल्या तं कोनाले आवडते?"

लटारू ओसरीवर तंगूस गुंडाळत बसला होता. नायलॉनची ती दोरी त्याच्या बोटांत रुतली, तरी तो ओढतच राहिला. बोलणं खरं होतं आणि ते आपल्याला सुचलं नाही, याचा त्याला इतका राग आला की त्या रात्री त्यानं मरळीचं कालवण बाजूला सारून भातात नुसतं मीठ कालवलं.

"काऊन जी, कालवण बिघडलं का?" रंभानं विचारलं.

"मले नाई पायजे."

"तब्येत बरी नाई का?"

"बरी हाये. नाई पायजे म्हटलं ना."

आता लटारू काही वाईट माणूस नव्हता. बायकोवर हात उगारणाऱ्यातला नव्हता, दारूत लोळणाऱ्यातला नव्हता. तिला ताप आला तर स्वतः भाकरी थापायचा, वाकड्या होत पण थापायचा. पण ती सकाळी ओलेत्या पायांनी अंगणात यायची, टोपली खाली ठेवायची, आणि टोपलीत काहीतरी फडफडायचं, तेव्हा तो पाठ फिरवून बसायचा. शेजारच्या बाया जमायच्या. "काय हात हाये वो तुया!" म्हणायच्या. रंभा पदरानं तोंड पुसत हसायची. असं 'काय हात हाये' रंभानं त्याला कधी म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं आणलेल्या मरळी तिनं खाली मान घालून चिरल्या होत्या. कदाचित तिला ते म्हणायची गरज वाटली नसेल. लटारूला मात्र आता त्या एका शब्दाची फार भूक लागली होती.

जेठ लागला आणि सोसायटीचा अध्यक्ष भैयाजी मासा घ्यायला घरी आला. जाडजूड, हळू बोलणारा माणूस. त्यानं रंभाच्या टोपलीतली मरळ उचलून पाहिली, कल्ले उघडून पाहिले आणि ओसरीवर टेकला.

"बाई, एक गोष्ट मनात आली. राखण बाईमाणसाले देल्ली तं काय होते?"

"काई बी काय बोलता, भाऊ," रंभा म्हणाली.

"मजाक नाई. तलावात सध्या कोनाले कुठी मासा हाये थे समजते? तुले. बाकीचे बसून राह्यले बगळ्यावानी." मग त्याला लटारू दिसला, आणि त्यानं घाईनं पुढं जोडलं, "म्हंजे लटारूले बी समजते. घरातल्या घरातच हाये. मृगाले पाहू."

घरातल्या घरात! लटारूनं मान हलवली आणि गोठ्यात जाऊन उगाच बैलाच्या दाव्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. त्याला पाळीवरची झोपडी दिसत होती, झोपडीत रंभा बसलेली, आणि कोणीतरी बोट दाखवून म्हणतंय की हा राखणदारणीचा नवरा. त्याच्या बापाच्या जागेवर.

दुसऱ्या दिवशी रंभा मासे घेऊन मूल गावच्या बाजाराला गेली, तेव्हा लटारूनं तिची काठी काढली. चोरासारखा मागच्या दारानं निघाला. तिची जागा त्याला माहीत होती, वाकलेल्या करंजाखाली, जिथं पाण्यावर सावली पडते. त्यानं चपलेची बेडकी पानांवर टाकली आणि ओढली. पहिल्याच ओढीला पाणी फुटलं. लटारूनं जोरात हिसका दिला आणि बेडकी रिकामी परत येऊन त्याच्या छातीवर आपटली.

मरळीनं घेतल्यावर दम धरायचा असतो. हे त्यानंच गावाला शिकवलं होतं. पण दुसऱ्याची वस्तू हातात असली की माणसाला घाई होते. त्यानं पुन्हा टाकली, पुन्हा ओढली, भराभर, आणि बेडकी बुडालेल्या खुंटात अडकली. ओढता ओढता तंगूस तुटलं. भर उन्हात तो पाण्यात उतरून चाचपडला, गाळात गुडघ्यापर्यंत रुतला, पण हाताला नुसत्या मुळ्या लागल्या.

संध्याकाळी रंभानं काठी पाहिली. तुटलेलं टोक बोटांत फिरवलं. लटारू छपराकडे बघत बसला होता, त्याच्या पोटऱ्यांवर गाळ वाळला होता. पहिली चप्पल बेडक्या कापून कापून संपली होती. ती माळ्यावर चढली आणि जोडीतली दुसरी चप्पल घेऊन खाली आली.

"ते चांगली हाये ना!" लटारू ओरडला. "माई चप्पल हाये ते!"

"एका पायात घालतं का गा?" गिरजा आतून म्हणाली.

रंभाला हसू आवरलं नाही. ते हसू लटारूच्या काळजात जाऊन बसलं. तिच्या मनात काही नव्हतं, कोणीही हसलं असतं. पण त्याला वाटलं की सगळं गाव आपल्या अंगणात येऊन हसतंय.

मृग चार दिवसांवर आला. आभाळ भरून यायचं आणि तसंच पांगायचं. लटारू आता घरी थांबतच नव्हता. सकाळपासून काठी घेऊन अनवाणी तलावाच्या काठाकाठानं हिंडायचा. त्या दिवशी तो सांडव्यामागं गेला, जिथं बेशरमाची झुडपं पाण्यात वाढली होती आणि सहसा कोणी जात नसे. झुडपांमधल्या उथळ पाण्यात त्याला थरथर दिसली. ताटाएवढी जागा वाऱ्याशिवाय थरथरत होती आणि तिचा रंग लालसर होता. मरळीची पिलं, नुकती पोहायला लागलेली, शेकड्यानं एका जागी. आणि त्यांच्या खाली काळी पाठ. मोठी. त्यानं आयुष्यात पाहिलेल्या मोठ्यांतली एक.

लटारू जागच्या जागी बसला.

पिलावरच्या मरळीला गरी लावत नाहीत. तिला धरणं सगळ्यात सोपं असतं, म्हणूनच धरत नाहीत. तिला चारा लागत नाही, पिलं राखते तोवर ती उपाशीच असते. पिलांजवळ काही आलं की ती खात नाही, चावून हाकलते. काडी टाकली तर काडीला चावते. राखणदार मृगाला तलावाचे नेम म्हणून दाखवतो, त्यात शेवटचा नेम हाच असतो. लटारूनं बापाच्या तोंडून तो ऐकला होता, बापाच्या खांद्यावर बसून.

त्याच वेळी त्याला काठाच्या ओल्या गाळात पावलं दिसली. लहान, डाव्या पायाची करंगळी वळलेली. रंभाची. ती इथपर्यंत आली होती, उभी राहिली होती आणि परत गेली होती. पावलं ताजी होती.

इथं खरं तर लटारूनं उठून जायचं होतं. पण तिनं ही मरळ पाहिली आणि सोडली, हे कळल्यावर त्याच्या मनातला मत्सर निवण्याऐवजी भडकला. मासाही तिचा आणि चांगुलपणाही तिचाच! तिला परवडत होतं सोडायला, तिची टोपली भरलेली होती. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची लाल किनार दातांनी फाडली आणि चिंधी गरीला बांधली. चिंधी पिलांच्या मधोमध टाकली.

मरळ लगेच आली. तिनं चिंधी तोंडात घेतली आणि बाजूला न्यायला लागली. लटारूनं ओढलं. काठी कमानीसारखी वाकली, तंगूस तळव्यात कापत गेलं, मरळीनं बेशरमाच्या मुळांकडे धाव घेतली, तो कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि तिला दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर आला. मागं पिलं पांगली होती. ती कुठं गेली, हे त्यानं पाहिलं नाही.

तो मुद्दाम गावाच्या मधल्या रस्त्यानं आला. मरळ खांद्यावर टाकली होती, शेपूट कमरेखाली लोंबत होतं. लोक घराबाहेर आले. भैयाजी सोसायटीच्या खोलीतून उठून आला. सुकलूचं तोंड उघडं राहिलं.

"बाप रे बाप! लटारू, हे तं अजगर हाये गा!"

"असा मासा तुया बापानं धरला व्हता," भैयाजी म्हणाला. "त्याच्यानंतर आज पाह्यला."

काय लावलं होतं, हे कोणी विचारलं नाही. रीतच नव्हती. लटारूनं छाती भरून श्वास घेतला. कितीतरी दिवसांनी त्याला असं हलकं वाटत होतं.

अंगणात त्यानं मरळ रंभापुढं ठेवली. "इकाची नाई," तो म्हणाला. "भैयाजीच्या घरी तुकडे दे, सुकलूच्या घरी दे. बाकीचं शिजव." आणि तो तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

रंभाचे डोळे मोठे झाले होते. ती हसलीसुद्धा. "माय वो, केवढी!" असं म्हणून तिनं राख घेतली, विळी घेतली आणि बसली. आधी तिनं पोट फाडलं. ते साफ रिकामं होतं, कित्येक दिवस काही न खाल्ल्यासारखं चिकटलेलं. तिचा हात थांबला. मग तिनं जबडा उघडला. बारीक दातांत लाल सूत अडकलं होतं. ते तिनं नखानं ओढून काढलं आणि वर पाहिलं. लटारूच्या खांद्यावरचा दुपट्टा एका टोकाला फाटलेला होता.

बाया भोवती उभ्या होत्या. सुकलूची बायको म्हणत होती, "चरबी निंगन वो खूप." रंभानं सूत राखेत चुरगाळलं आणि विळी पुन्हा चालवायला घेतली.

जेवताना तिनं सगळ्यांना वाढलं. गिरजानं तुकडा तोंडात घोळवला. तिचे दात गेले होते, पण जीभ शाबूत होती.

"मास ढिल्लं लागून राह्यलं गा. पिलावरच्या मरळीचं लागते असं."

लटारूनं पाण्याचा तांब्या ओढला.

"तेल कमी पडलं, बाई," रंभा म्हणाली. "म्हणून तसं लागते."

ती स्वतः मिरची-भाकर घेऊन चुलीपाशी बसली. लटारूनं विचारलं नाही की तू का घेत नाहीस.

सकाळी त्याला जाग आली, तेव्हा दुपट्टा वळणीवर घडी करून ठेवलेला होता. फाटलेली कड दुमडून बारीक टाक्यांनी शिवली होती. लटारूनं टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग खांद्यावर न टाकताच तलावाकडे निघाला.

रंभा सांडव्यामागं मांड्यांइतक्या पाण्यात उभी होती. हातात गरी नव्हती, नुसता बांबू होता. काठावर बगळे बसले होते. ते उतरायला लागले की ती बांबू आपटायची, ते उडून थोडे पलीकडे जाऊन बसायचे. पाण्यात लालसर थरथर अजून होती, पण कालच्या ताटाची आता वाटी झाली होती.

"घरी चाल," लटारू म्हणाला.

"जा तुमी. येतो मी."

"दुसरी मरळ असंन ना. जोडी असते. थे पाहन पिलायले."

"हाये. पण तिच्याच्यानं दोन्हीकडं पाहनं नाई होत." तिनं बांबू आपटला. एक बगळा उडाला.

लटारू काठावर बसला. त्याच्या पायांजवळ मुंग्या चालत होत्या. शेवटी न राहवून तो म्हणाला, "तू मले इचारलं काऊन नाई?"

रंभानं मान वळवली. उन्हानं तिचे डोळे बारीक झाले होते.

"इचारलं असतं तं तुमाले सांगा लागलं असतं," ती म्हणाली.

ती दुपारपर्यंत घरी आली नाही. त्या दिवसापासून तिनं काठी उचलली नाही. बायांनी विचारलं, तर कंबर धरली म्हणून सांगितलं.

मृगाच्या दिवशी सकाळी सगळे पाळीवर जमले. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. भैयाजीनं तलावाला नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले आणि घसा साफ केला.

"राखणीची गोष्ट हाये. लपवत नाई. दोन नावं व्हती, अन् दोन्ही एकाच घरची. लटारूनं त्या दिवशी जे आनली थे सगळ्यायनं पाह्यली. पण उन्हाळाभर हात चालला रंभाबाईचा. मले इचारान तं मायं मन दोन्हीकडं हाये." तो बायांकडे वळला. "बाई, तूच सांग."

लटारूनं नजर पाण्याकडे वळवली. तिनं एक वाक्य बोलायचं होतं. मरळीचं पोट रिकामं होतं, एवढंच. पुढचं गाव समजून गेलं असतं. त्याला क्षणभर वाटलं की बोलावंच तिनं, म्हणजे सुटू.

रंभा उभी राहिली, पदर सावरला. "त्यायलेच द्या, भाऊ. त्यायच्या बापाची राखण व्हती. अन् म्या तं गरी सोडली आता."

"काऊन सोडली?" भैयाजीनं विचारलं.

"सोडली," एवढंच म्हणून ती बसली.

लोकांनी माना हलवल्या. बाई समजदार आहे, नवऱ्याचा मान राखते, असं कोणीतरी म्हणालं. भैयाजीनं लटारूच्या पाठीवर थाप मारली. रीतीप्रमाणं लटारू गुडघाभर पाण्यात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि गावाकडे तोंड करून उभा राहिला. आता त्यानं नेम म्हणायचे आणि गावानं एकेका नेमाला 'होय' म्हणायचं.

"तलावात इख टाकाचं नाई."

"होय!"

"बारूद फोडाची नाई."

"होय!"

"दिवाळीपावतर बारीक जाळं लावाचं नाई."

"होय!"

त्यानं तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं. लोक थांबले. पाण्यावर ऊन चमकत होतं.

"भुलला का गा?" सुकलू ओरडला आणि हसण्याची लाट आली. "थोडुसंच राह्यलं!"

लटारूनं रंभाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला तोंड देता आलं असतं. शाळेत पोरगं कविता म्हणताना आई पाहते, तशी ती पाहत होती, आता अडखळू नको म्हणून.

"पिलावरच्या मरळीले," लटारू मोठ्यानं म्हणाला, "गरी दाखवाची नाई."

"होय!" गाव म्हणालं. बायांच्या आवाजांतला रंभाचा 'होय' त्याला वेगळा ऐकू आला.

दुपारी घरी तिनं त्याला ताट वाढलं. भात, वरण, आंब्याचं लोणचं. झोपडीची किल्ली त्याच्या शेजारी जमिनीवर होती. रंभा वाढता वाढता थांबली.

"चांगलं बोलले," ती म्हणाली. "आवाज सगळीकडं गेला."

साऱ्या उन्हाळ्यात तो याच शब्दासाठी तळमळला होता. लटारूनं भात कालवला, पुन्हा कालवला, पण घास तोंडापर्यंत जाईना.

गिरजा खाटेवर उठून बसली. गुडघ्यांमुळे तिला पाळीवर जाता आलं नव्हतं. "मले कुठी आयकू येते इथून?" ती म्हणाली. "तुया बाप कसा म्हने, अंगावर काटा येये. म्हन गा एकदा मायासमोर. सगळे म्हन, शेवटचा पण."

लटारूनं भाताचा घास पुन्हा वळला. त्यानं रंभाकडे पाहिलं नाही.

"म्हना ना," रंभा हळूच म्हणाली. "बाई वाट पाहून राह्यल्या."

लटारूनं हातातला घास ताटात ठेवला आणि पहिल्यापासून म्हणायला लागला.